हेडची उंची आधी मोजा

मंडळी, आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, घेऊन येणारा माणूस दारातूनच एक प्रश्न विचारतो. मराठी बोलणारा असेल तर ‘किती मारता येईल?’, गोकाक-सवदत्तीकडचा असेल तर ‘एष्टु तगीबहुदु?’ दोघांचा अर्थ एकच: वाकलेल्या हेडचा खालचा फेस सपाट करायला किती धातू कापता येईल. गेली 31 वर्षं मी हे ऐकतोय. सुरुवातीची काही वर्षं माझं उत्तर ठरलेलं असायचं: दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे पाव मिलीमीटर, बिनधास्त. आता मी उत्तर द्यायच्या आधी हेडची उंची मोजतो. हा बदल एका हेडमुळे झाला, म्हणून तिथूनच सुरू करतो.

खानापूरकडच्या एका शेतकऱ्याची चार सिलिंडरची डिझेल गाडी होती. गोव्याला भाजी न्यायचा. चोर्ला घाट चढताना रेडिएटरचा होज फुटला, गाडीत परतीचा माल होता, म्हणून त्याने तशीच वर आणली. हेड आलं तेव्हा स्ट्रेट एज, म्हणजे सरळ पट्टी, ठेवून बघितलं, मधे फिलर गेजची 0.12 मिलीमीटरची पाती सरळ आत गेली. 0.15 मारलं असतं तरी पुरलं असतं. मी 0.30 मारलं. फेस आरशासारखा दिसावा, परत तक्रार येऊ नये, एवढाच विचार. उंची मोजली नाही. ते हेड आधी कुठेतरी एकदा फेस झालेलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

इंजिन बांधलं, हाताने फिरवलं, कुठे अडकलं नाही. अकराव्या दिवशी घाट उतरताना, खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा वेग वाढला आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला. हा बघा तो पिस्टन, मी जपून ठेवलाय. डोक्यावर ही चंद्रकोर दिसते ना, नखाने चाचपलं तर काठ लागतो. वाकलेला व्हॉल्व्ह, फुटलेला गाइड, दुसरं हेड, सगळा खर्च मी दिला. पण ऐन हंगामात त्या माणसाची गाडी तीन आठवडे उभी राहिली, ते मला भरून देता आलं नाही.

आता घडलं काय ते समजून घेऊ. बहुतेक डिझेल इंजिनांचं हेड खालून सपाट असतं, ज्वलनाची वाटी पिस्टनच्या डोक्यात असते. व्हॉल्व्ह हेडच्या फेसपेक्षा थोडे आत बसलेले असतात. ही खोली एक मिलीमीटरच्या आसपास, इंजिनाप्रमाणे कमी-जास्त. तुम्ही फेसवरून 0.30 काढलं की व्हॉल्व्ह तेवढाच पिस्टनकडे सरकला. आधीच्या कोणी 0.30 काढलं असेल तर तुमचं मिळून 0.60 झालं. धातूला आधीचा कारागीर कोण, नंतरचा कोण, हे कळत नाही. शिवाय इंजेक्टरचं टोक तेवढंच जास्त बाहेर येतं, फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो. त्याला खालचा तांब्याचा वॉशर जाड घालता येतो. व्हॉल्व्हची सीट खोल कापून व्हॉल्व्ह परत आत बसवता येतो. पण तेही मर्यादेत. फार खोल बसवला तर तिथे मोकळी जागा वाढून कॉम्प्रेशन पडतं, थंडीत गाडी सुरू होत नाही. म्हणून काही डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की हेड फेस करू नये, बदलावं. ते कंपनीला नवीन हेड खपवायचं असतं म्हणून लिहिलेलं नाही. तिथे खरंच जागा नसते.

पेट्रोलचं गणित वेगळं. तिथे चेंबर हेडमध्ये असतं, म्हणून सगळे कॉम्प्रेशन वाढण्याला भितात. आकडा मांडून बघू. बोअर 75 मिलीमीटर, एका सिलिंडरची क्षमता 300 सीसी, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते) 9. म्हणजे चेंबरची जागा 37.5 सीसी. पाव मिलीमीटर काढलं तर त्यातून फार तर 1.1 सीसी जातात, रेशो 9.2 होतो. अर्धा मिलीमीटर काढलं तर साडेनऊ. पाव मिलीमीटरला इंजिन लगेच ठोके द्यायला लागतं असं नाही. माझ्या मते पेट्रोलला जास्त जपायचं ते कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टायमिंगला. कॅम वर असलेल्या इंजिनात हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) जवळ येतो, चेन किंवा बेल्ट सैल पडतो, टेन्शनर ती ढील ओढून घेतो आणि कॅम मागे पडतो. पाव मिलीमीटरला क्रँकवर साधारण अर्धा अंश. चालून जातं. एक मिलीमीटर काढलेल्या हेडला मात्र दोन अंशांहून जास्त फरक पडतो, आणि मग गाडी ओढत नाही म्हणून मेकॅनिक कार्बुरेटर नाहीतर सेन्सर बदलत बसतो. ट्रॅक्टरमध्ये पुशरॉड (खालच्या कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या काड्या) असतात, तिथे उलट टॅपेट घट्ट होतात, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी होते. नव्याने सेट केले की भागतं.

मग आकडा काय? पुष्कळ छोट्या गाड्यांना वाक 0.05 मिलीमीटरपर्यंत चालतो, लांब हेडला 0.10. काढायची हद्द मात्र इंजिनागणिक बदलते. कुठे सगळं मिळून 0.20, कुठे 0.30, कुठे शून्य. चांगल्या मॅन्युअलमध्ये काढायचा आकडा नसतोच, हेडची किमान उंची दिलेली असते. हीच पद्धत योग्य आहे, कारण तिच्यात आधीचे सगळे कट आपोआप मोजले जातात. उंची चारही कोपऱ्यांत मोजा. एका टोकाला 0.10 कमी भरली तर आधीच्याने हेड तिरपं बसवून कापलंय, हे तिथेच कळतं.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. हेड वाकतं म्हणजे फक्त खालचा फेस वाकत नाही, अख्खं हेड वाकतं. 400 मिलीमीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं हेड 100 अंशांनी तापलं तर 0.9 मिलीमीटर लांबतं. खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्याने. एरवी बोल्ट आणि मधलं गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यातला सांधा बंद करणारा पातळ थर) एवढं सोसतात. पाणी संपून तापमान आणखी चढलं की हेडला पसरायला जागा राहत नाही, ॲल्युमिनियम मऊ होऊन तिथेच दबतं आणि थंड झाल्यावर वाकडं राहतं. वर कॅमच्या बेअरिंगची ओळही त्याच्याबरोबर वाकते. तुम्ही खालून फेस सरळ केला, गॅस्केट छान बसलं, पण वरचे जर्नल, म्हणजे कॅम जिथे टेकून फिरतो त्या जागा, एका रेषेत नाहीत. कॅम बसवून बोल्ट आवळले की तो हाताने फिरत नाही. काही जण रबरी हातोडीने ठोकून फिरवतात. पोरांनो, हे कधीही करू नका. असा कॅम कधी जर्नल खातो, कधी मधोमध तुटतो.

त्यावर उपाय आहे आणि तो बेळगावात होतो. जाड पोलादी प्लेटवर हेड ठेवायचं, दोन टोकांखाली पातळ शिम घालायचे, मधे बोल्टने हळूहळू खाली ओढायचं, वाक बाहेरच्या बाजूला असेल तर शिम मधे. मग प्लेटसकट भट्टीत 200 ते 250 अंशांवर काही तास ठेवायचं आणि भट्टीतच निवू द्यायचं. घाई केली, बाहेर काढून वारा घातला, तर परत वाकतं. अशा सरळ केलेल्या हेडला नंतर 0.05-0.08 चा कट पुरतो. मालकाला दोन दिवस थांबावं लागतं, पण हेडची उंची वाचते.

पाण्याचंही सांगायला हवं. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालतात. त्या क्षारांनी पाण्याच्या भोकांभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, बोटाने चाचपलं तर खड्डे लागतात. अर्धा मिलीमीटर खोल खड्डा घालवायला अर्धा मिलीमीटर कापणं म्हणजे हेड वाया घालवणं. तिथे आर्गॉन वेल्डिंग करून भरा, मग हलका फेस. आणि कापायच्या आधी प्रेशर टेस्ट. दोन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये चीर असेल तर फेसिंगचे पैसे कशाला घ्यायचे?

फिनिशबद्दल थोडक्यात. जुन्या कॉम्पोझिट गॅस्केटला किंचित खरबरीत फेस चालतो. आताच्या अनेक पत्र्यांच्या स्टील गॅस्केटला खरबरीतपणा एक मायक्रॉनच्या आत लागतो. फ्लाय कटरच्या खुणा नखाला लागल्या तर ते गॅस्केट धरणार नाही. दगडावर एमरी ठेवून हेड घासणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

बांधताना डिझेलला बंपिंग क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर हेडपर्यंत उरणारी फट, शिशाच्या तारेने बघा. पेट्रोलच्या पिस्टनवर तेल लावून गणपतीच्या मूर्तीची शाडू ठेवा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, शाडू मधोमध कापून जाडी मोजा. ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांनाही व्हॉल्व्हचा ठसा त्या मातीत डोळ्यांनी दिसतो.

आमच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हेडच्या बाजूला, फेसपासून लांब, मी पंचने दोन आकडे मारतो: किती काढलं आणि कोणत्या साली. ही सवय इथल्या प्रत्येक शेडला लागावी असं मला मनापासून वाटतं. परवा संकेश्वरच्या उसाच्या ट्रॅक्टरचं हेड आलं, त्यावर माझाच 2014 चा शिक्का होता, 0.15. मॅन्युअल उघडलं, उंची घेतली, 0.10 शिल्लक होतं, काम झालं.

समोर टेबलावर तीन हेड ठेवली आहेत. त्यातल्या दोनांवर शिक्का नाही. किमान उंची फळ्यावर लिहिली आहे, व्हर्निअर आणि फिलर गेज तिथेच आहेत. पाती आधी पुसून घ्या. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत मोजा, आकडे कागदावर लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका. सगळ्यांचं झालं की ताडून बघू.