तोंडात काहीही आणलं तरी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय अशा कुत्र्याबद्दल जो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसणार, आणि त्यात वाईट वाटायचं कारण नाही, आम्ही इंग्लंडमध्ये राहतो तर इथल्या लोकांनीही पाहिलेला नसतो. ससेक्स स्पॅनिअल. रस्त्यात लोक थांबून विचारतात, कॉकर स्पॅनिअल जाड झालाय का? जाड नाही हो, जातच तशी आहे. बुटकी, लांब, दणकट हाडाची. उंची जेमतेम ३८ ते ४१ सेंटीमीटर आणि वजन २३ किलोच्या आसपास, म्हणजे उचलायला गेलात की कळतं. रंग एकच, सोनेरी झाक असलेला तपकिरी, म्हणून आमच्या बाईसाहेबांचं नाव काकवी.

ही जात आली ईस्ट ससेक्समधल्या ब्राइटलिंग गावाजवळच्या रोझहिल इस्टेटवरून. फुलर नावाचे जमीनदार होते, अठराव्या शतकाच्या शेवटापासून त्यांनी हे कुत्रे जोपासले असं सांगतात. तिकडे झुडपं इतकी दाट की आत शिरलेला कुत्रा दिसायचाच नाही, मग त्यांना असा कुत्रा हवा होता जो आतून आवाज देईल. बाकीचे स्पॅनिअल काम करताना गप्प असतात, भुंकले तर मालकाची मान खाली जाते, पण ससेक्सला वास लागला की तो बोलायला लागतो. आवाज देतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

दुसऱ्या महायुद्धात कुत्र्यांना खायला घालायला काही मिळेना तेव्हा ही जात जवळजवळ संपलीच होती. जॉय फ्रीअर नावाच्या बाई होत्या, त्यांनी हातावर मोजण्याइतके कुत्रे सांभाळले, आणि आजचे ससेक्स म्हणजे बव्हंशी त्यांचेच वंशज. केनेल क्लब म्हणजे इथली कुत्र्यांच्या जाती नोंदणारी संस्था, तिची एक यादी आहे, ज्या मूळच्या ब्रिटिश जातींची वर्षाला ३०० किंवा त्याहून कमी पिल्लं नोंदली जातात त्या धोक्यातल्या जातींची, तिच्यात हे अनेक वर्षं आहेत. मध्ये एकदा मात्र भाव खाऊन गेले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर डॉग शोमध्ये स्टंप नावाचा ससेक्स पहिला आला, वय वर्षं १०, इतक्या म्हाताऱ्या कुत्र्यानं तो शो तोवर कधी जिंकला नव्हता. त्याला २००४ मध्ये इतकं मोठं आजारपण झालेलं की वाचेल असं वाटत नव्हतं, आणि रिटायर झालेला तो शोच्या काही दिवस आधी परत उतरवला. असो, शोचं जग वेगळं, मला त्यात फारसा रस नाही, केस विंचरण्यात आयुष्य घालवायला माणसं बसलीयेत.

आता मुद्दा. गनडॉगचं, म्हणजे शिकारीत पाडलेले पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्याचं पिल्लू वाढवताना बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक गोष्ट विसरायची नाही. पिल्लानं तोंडात काहीही आणलं तरी ओरडायचं नाही, आणि त्याच्या मागे पळायचं नाही. परत सांगते, ज्यांचा कुकर आत्ता शिट्टी मारत होता त्यांच्यासाठी. काहीही आणलं तरी ओरडायचं नाही, मागे पळायचं नाही.

कारण साधं आहे. ह्या कुत्र्यांचं आयुष्यभराचं कामच मुळी शोधणं, उचलणं आणि आणून देणं हे आहे. आता पिल्लानं मोठ्या हौसेनं तुमची चप्पल आणली आणि तुम्ही किंचाळत हिसकावलीत, तर ते काय शिकलं? एक तर उचलायचंच नाही हे शिकलं, नाहीतर उचलून टेबलाखाली पळायचं हे शिकलं, आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, दात रोवून धरायचं शिकलं. ते एकदा लागलं की सुटत नाही, असा कुत्रा पक्षी चेचून आणतो. म्हणून चप्पल आली की खाली बसायचं, अंग थोडं तिरकं करायचं, वाटल्यास दोन पावलं उलट दिशेनं जायचं, पिल्लू येतं. आलं की वस्तूला हात लावायचा नाही. छाती चोळायची, कौतुक करायचं, मिरवू द्यायचं थोडं. मग हनुवटीखाली हात आणि सावकाश घ्यायची. आणि चप्पल नको असेल तर चप्पल वर ठेवणं हे माणसाचं काम आहे, पिल्लाचं नाही. आमच्याकडे सासूबाई येऊन राहिल्या होत्या, त्यांना हे पटायला वेळ लागला, पण नंतर त्याच सगळ्यांच्या चपला उचलायला लागल्या.

शी-शूचं मी सांगत बसत नाही, उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळलं की बाहेर, हे तुम्हाला माहितीये. एवढंच सांगते की ससेक्सची वाढ हळू होते, अंग जड आणि पाय बुटके, त्यामुळे पहिलं वर्ष जिने चढणं-उतरणं आणि सोफ्यावरून उड्या बंद. आणि ते प्लास्टिकचं चेंडू फेकायचं हत्यार मिळतं ना, लांब दांड्याचं, ते कृपा करून घेऊ नका. माणूस एका जागी मोबाइल बघत उभा आणि कुत्रा वेड्यासारखा पळतोय, तेच तेच, तेच तेच. त्यात कुत्र्याला विचार करायला काही नाही आणि माणसालाही नाही.

बरं, आता तो किस्सा. मला ओळखणाऱ्यांनी तो ऐकलाय, त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावा.

काकवी तेव्हा वर्षाची व्हायची होती. आम्ही ज्या क्लासला जायचो तो एका शेतावर असायचा. शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, सगळं आयुष्य गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांचा राखणदार म्हणून गेलेलं, बोलणं फार कमी. आम्ही घरात त्यांना गुरुजी म्हणतो, त्यांना ते माहीत नाही. क्लासमध्ये सगळे स्प्रिंगर आणि कॉकर स्पॅनिअल, एखाददुसरा लॅब्रॅडॉर, आणि आम्ही. आणि माणसं कशी, तर सगळ्यांचे ते हिरवे मेणकापडी कोट, कुत्रा घ्यायच्या आधी कोट घेतलेले. आपल्याकडे पण असतंच ना, ट्रेकला पहिल्यांदा चाललेल्या माणसाचे बूट बघा, एव्हरेस्टचे असतात. तर ते जाऊ दे.

त्या दिवशीचा धडा असा होता की काटेरी झुडपांच्या पट्ट्यात एक कॅनव्हासची डमी, म्हणजे पक्ष्याच्या जागी वापरतात ती भरलेली पिशवी, आधीच लपवून ठेवलेली, कुत्र्यानं पडताना बघितलेली नाही. कुत्र्याला बसवायचं, थांबवायचं, मग सोडायचं, त्यानं वासावर शोधून आणायची. स्प्रिंगर काय, सोडला की गेला, सापडली, आला. पाऊस भुरभुरत होता, माझा नंबर शेवटचा. मी सोडली काकवीला. आता ससेक्स पळत नाही, ससेक्स जातो. डुलत डुलत, नाक खाली, जसं काही बँकेत काम आहे. मागे एक दोघं हसले. मला ऐकू आलं.

ती झुडपात शिरली. थोडा वेळ शेपूट दिसली, मग तीही नाही. आणि मग आवाज सुरू झाला. कधी खोल, कधी बारीक, पण थांबून थांबून, म्हणजे वास लागला. मी खूश. गुरुजी मात्र कान देऊन उभे, कारण डमी होती उजवीकडे आणि आवाज चाललेला डावीकडे. आणखी डावीकडे. डावीकडे काय होतं, तर कुंपण, आणि कुंपणापलीकडे गुरुजींचं स्वतःचं परसदार.

मी शिट्टी तोंडाला लावली. गुरुजींनी हात आडवा केला, म्हणाले थांबा. तेवढ्यात आवाज बंद झाला. एकदम बंद. आणि गुरुजी शांतपणे म्हणाले, तोंड भरलंय.

बघा, पन्नास वर्षं कुत्र्यांबरोबर काढलेला माणूस. बोलणारा कुत्रा गप्प झाला म्हणजे त्याच्या तोंडात काहीतरी आहे, हे त्याला कळलं आणि आम्ही सगळे नुसते बघतोय. पुढच्याच क्षणी पलीकडून गुरुजींच्या बायकोची किंकाळी आली. माझी कोंबडी! माझी कोंबडी!

आता इतके महिने हा माणूस आम्हाला एकच गोष्ट सांगत आलेला, ओरडायचं नाही, ओरडायचं नाही. आणि त्याच्याच घरातून हे. तर गुरुजी, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते कुंपणाकडे तोंड करून गर्जले, अगं ओरडू नकोस! एवढं मोठ्यांदा की आमच्यातले दोन कुत्रे खाली बसले.

मग ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, सगळ्यांनी पाठ फिरवा आणि कुंपणापासून लांब चालायला लागा. सगळ्यांनी. आणि अख्खा क्लास, हिरव्या कोटातला, आपापले कुत्रे दोरीला धरून, पावसात, पाठमोरा, निमूट चालायला लागला, मिरवणूक निघाल्यासारखा. मला म्हणाले तुम्ही इथेच, खाली बसा, पाठ तिकडे. मागे वळून बघायचं नाही.

मंडळी, मागे एक जिवंत कोंबडी कुत्र्याच्या तोंडात आहे, तिची मालकीण बादली घेऊन फाटकातून येतेय, आणि तुम्ही चिखलात उकिडवं बसून गवताकडे बघताय. धावत जावंसं वाटतं हो. हात-पाय आपोआप उठतात. पण धावलं असतं तर काकवीला वाटलं असतं पकडापकडी सुरू झाली, ती उलटी पळाली असती, नाहीतर कोंबडी घट्ट धरली असती. घट्ट धरली की कोंबडी गेली.

तर बसले. थोड्या वेळानं मागे नाकातून श्वास टाकल्याचा आवाज, भस्स भस्स, तोंड बंद असताना येतो तसा. मग कोपराला ओलं नाक लागलं. मी हळूच तिरकी वळले. काकवी उभी. कपाळाला आठ्या, ह्या जातीचा चेहराच गंभीर, आणि तोंडात आडवी ती तांबडी कोंबडी. जिवंत. डोकं एका बाजूनं बाहेर, डोळ्यांची उघडझाप चाललेली, आवाज नाही की धडपड नाही, नुसता अपमान झालेला चेहरा.

आणि मी कोंबडीला हात लावला नाही. छाती चोळली काकवीची. शहाणी बाई, शहाणी बाई माझी. गुरुजींच्या बायको बादलीसकट उभ्या होत्या, त्यांना वाटलं असेल ही बाई वेडी आहे. मग हनुवटीखाली हात नेला आणि म्हटलं, दे. आमच्याकडे सगळ्या आज्ञा मराठीत, बस, थांब, ये, दे. काकवीनं तोंड उघडलं आणि कोंबडी माझ्या मांडीवर.

गुरुजींनी ती उचलली, पंख उघडून बघितले, आणि मग अंगठा आणि बोटांनी दोन्ही बाजूंच्या फासळ्या सावकाश चाचपल्या. स्पर्धेत परीक्षक पक्षी असाच तपासतात, फासळ्या दबल्या असतील तर कुत्र्याचं तोंड कडक, बाद. एकही फासळी दबलेली नव्हती. एक ओरखडा नाही. नुसती ओली. त्यांनी कोंबडी बायकोच्या हातात दिली, तिनं कोंबडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आता आठवडाभर अंडी मागायची नाहीत.

आम्हाला वाटलं संपलं, चला घरी. गुरुजी परत आलेल्या मिरवणुकीकडे बघून म्हणाले, ह्याला तोंड म्हणतात. एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, डमी राहिलीये. आणि काकवीला परत पाठवलं, ती परत डुलत गेली, परत बोलली, ह्या वेळी उजवीकडे, आणि डमी घेऊन आली. हसणारे दोघं त्या दिवशी लवकर निघाले.

तर मंडळी, किश्शानं अर्धा वेळ खाल्ला, तो नेहमीच खातो. उरलेलं भरभर सांगते.

शिट्टी. स्पॅनिअलला साधारणपणे एकमे कंपनीची २१०½ नंबरची वापरतात, शिट्टीचा फायदा हा की तुमचा राग तिच्यातून ऐकू जात नाही. छोट्या छोट्या फुंकी म्हणजे ये, एक लांब म्हणजे जिथे असशील तिथे बस. जेवणाचं भांडं ठेवताना ये-ची शिट्टी वाजवा, पिल्लू स्वतःच शिकतं. बसायची शिट्टी सगळ्यात महत्त्वाची, रस्त्याकडे निघालेला कुत्रा तिच्यावर थांबतो. ससेक्स जरा हट्टी असतो, त्याला तेच तेच दहादा सांगितलंत तर तो सरळ आडवा होतो, म्हणून धडे छोटे ठेवा.

डमी फेकली की प्रत्येक वेळी कुत्र्याला सोडायचं नाही. काही वेळा स्वतः जाऊन उचलून आणा, त्याला बसून बघू दे. पडलेलं सगळं आपलं नसतं हे त्याला कळलं पाहिजे. आणि लांब जाऊ द्यायचा नाही, वीसेक यार्डांच्या आत, आपल्यासमोर डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे.

बंदुकीचा आवाज सगळ्यात शेवटी. आधी लांबून, कोणीतरी दूर शेताच्या टोकाला, कुत्रा कशात तरी गुंतलेला असताना, आणि तो दचकला तर त्या दिवशी तिथेच बंद. एकदा भीती बसली की काढणं फार अवघड. मी स्वतः शिकार करत नाही, आम्ही डमीवरच्या स्पर्धांना जातो, पण तिथेही बार उडतात, म्हणून शिकवावं लागतं.

आणि ज्यांना इथे इंग्लंडात हे पिल्लू घ्यायचंय त्यांनी ब्रीडरकडे नाव लावून वाट बघायची, ह्यांची पिल्लं मुळात कमी. आईबरोबर पिल्लू बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, ६ एप्रिल २०२० पासून मधल्या दलालांनी पिल्लं विकायला बंदीच आहे. आईबापांचे हिप स्कोअर, म्हणजे खुब्याच्या सांध्यांच्या तपासणीचे आकडे मागा, आणि पीडीपी१ ची डीएनए टेस्ट मागा, ह्या जातीत तो दोष आहे, असा कुत्रा थोडं पळाला की गळून जातो. कागद हातात घेऊन बघा, तोंडी नको. चला, स्टुडिओच्या काचेपलीकडून बाईंनी हात केलाय, गाणं लावायचंय त्यांना. नमस्कार.