हिरव्या पडद्यावरचा तास

(दृश्य: माळ्यावरून खाली उतरवलेलं एक गाठोडं. खिडकीबाहेर एप्रिलचं ऊन, गल्लीत कुणी नाही.)

गाठोडं सोडताना सरांनी आम्हाला हात लावू दिला नाही. वरून गोधडी, तिच्या आत खताच्या रिकाम्या गोणीचं पांढरं कापड, आणि कापडाच्या आत एक्सटी, म्हणजे १९८०च्या दशकातल्या घडणीचा संगणक. सोबत हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. कीबोर्डवरची स्पेसची पट्टी डाव्या बाजूला झिजून गुळगुळीत झालेली. तिकडे आमचे अंगठे पडायचे.

हे अमळनेर. बोरी नदीचं, साने गुरुजींच्या शाळेचं. गावाबाहेरच्या माणसाला आणखी एक ओळख सांगावी लागते. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने. त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली आणि १९८०च्या दशकात ती संगणक बनवायला लागली. म्हणजे तेलाच्या डब्यापासून संगणकापर्यंतची वाट आमच्या गावातून जाते. पण गावातल्या पोराला संगणक पहिल्यांदा दिसला तो सरांच्या क्लासमध्ये, बाजारपेठेतल्या एका दुकानावरच्या खोलीत. चपला जिन्यात काढायच्या, पाय पुसून आत जायचं. चार एक्सटी, एक एटी (एक्सटीची पुढची पिढी), आणि खिडकीत वाळ्याचे पडदे लावलेला कूलर. त्या कूलरकडे पुन्हा यावं लागेल.

आज सरांना एकच गोष्ट करून बघायचीय. त्यांची नात दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालीय. तिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरचा जुना खेळ दाखवायचाय. मोबाईलवर दाखवता येतोच. सरांना तो याच मशीनवर दाखवायचाय.

(दृश्य: लाकडी पाटीवर बसवलेला १०० वॅटचा बल्ब, त्याच्या सॉकेटमधून निघालेली वायर.)

तीस वर्षं बंद असलेलं मशीन सरळ भिंतीच्या प्लगला लावायचं नसतं. सरांनी आधी सिरीज बल्ब लावला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो, पुढचं जळत नाही. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. म्हणजे पॉवर सप्लायची पहिली बाजू ठीक. पण पंखा अर्धा वेढा फिरला आणि थांबला. बंद केलं, चालू केलं. पुन्हा अर्धा वेढा. नुसतं टक्.

‘पंखा गया का, आबा?’ नातीने विचारलं. घरात अहिराणी असली की संगणकालाही अहिराणीच लागते.

पंखा गेला नव्हता. सप्लायला पुढे कुठेतरी शॉर्ट दिसत होता, म्हणून तो स्वतःला बंद करत होता. सरांनी मुख्य बोर्डाचे दोन्ही कनेक्टर काढले आणि सप्लायला भार म्हणून फक्त फ्लॉपी ड्राइव्ह (माहितीची पातळ चकती, म्हणजे फ्लॉपी, वाचणारा भाग) जोडला. पंखा सुरळीत फिरला. दोष बोर्डात. मल्टिमीटर लावला, तर पिवळ्या तारेच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या लाइनवर जवळपास शून्य ओहम, म्हणजे शॉर्ट.

या वयाच्या बोर्डांवर टँटलमचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, असतात. थेंबाच्या आकाराचे, पिवळे किंवा निळे, चिंचोक्यापेक्षा लहान. वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यातला एखादा आतून शॉर्ट होतो आणि सगळा बोर्ड मुका करतो. बाहेरून बघून कळत नाही. १२ व्होल्टवरचे एकेक करत सुटे केले, तिसरा सापडला. त्याच्या जागी सरांनी नवीन लावला नाही. एवढ्यापुरतं त्याच्यावाचून चालतं, म्हणाले. कनेक्टर परत लावताना मात्र मला दटावलं: ‘काळ्या तारा मधे, एकमेकींना लागून. उलटं लावशील तर बोर्डाला कायमचा रामराम.’ हे वाक्य मी वयाच्या तेराव्या वर्षी ऐकलं होतं, याच आवाजात.

मॉनिटर तापायला वेळ लागला. मग आकडे चढायला लागले. ६४, १२८, १९२... ६४० केबी. एक बीप. २० एमबीची हार्ड डिस्क गिरणीचा पट्टा सुटल्यासारखी ओरडली आणि फिरायला लागली. खरं सांगतो, ती चालेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

डिस्क चालली, पण खेळ तिच्यावर नव्हता. ‘मीच उडवलेले,’ सर म्हणाले. ‘परीक्षा आल्या की सगळ्या मशीनवरचे खेळ उडवायचो. तुम्ही परत टाकायचे.’ आम्ही परत टाकायचो, हे खरंय.

(दृश्य: बिस्किटांच्या डब्यातून निघालेल्या सव्वापाच इंची फ्लॉप्या. एकीचं गोल भोक हळूहळू फिरवणारी बोटं.)

आता तो कूलर. खानदेशातला उन्हाळा कोरडा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत खोली थंड ठेवायची तर कूलर हवाच, आणि कूलर म्हणजे ओल. वर पावसाळा. फ्लॉपीच्या खिडकीतून दिसणाऱ्या तपकिरी चकतीवर पांढरट जाळी धरलीय ना, ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही. ती स्वतः वाचली जात नाहीच, चकती वाचणाऱ्या हेडला घाण लावून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडते. क्लासमध्ये हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ‘एबॉर्ट, रीट्राय, फेल?’ असा प्रश्न आला की आम्ही देवाचं नाव घेऊन रीट्राय दाबायचो, दहा-दहा वेळा, आणि दर वेळी हेड आणखी मळवायचो.

सरांनी ड्राइव्ह उघडून हेड पुसलं. कानातल्या काडीचा कापूस, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापूस तपकिरी निघाला. तीन काड्या लागल्या.

डब्यातल्या एकाही फ्लॉपीतून खेळ निघाला नाही. मग धुळ्याहून माझ्या मित्राचं पेंटियम, म्हणजे नंतरच्या पिढीचं मशीन, आणलं. त्याला सव्वापाच इंची ड्राइव्ह अजून आहे, पण १.२ एमबीचा. एक्सटीचा ३६० केबीचा. खेळ ३६० केबीत मावत नाही, म्हणून पेंटियमवर तो तुकडे करून जुन्याच स्वच्छ फ्लॉप्यांवर घेतला, एक्सटीत घातला, आणि: ‘सेक्टर नॉट फाउंड’.

ही जागा मला फार आवडते, कारण इथे सगळ्यांची चूक एकच होते. फ्लॉपी खराब, असं म्हणून लोक ती फेकून देतात. फ्लॉपी चांगली असते. ३६०च्या ड्राइव्हचं हेड रुंद, चकतीवर ४० ट्रॅक, म्हणजे गोल रेघा, काढणारं. १.२चं हेड अरुंद, ८० ट्रॅकांसाठी बनवलेलं. रुंद नांगराने पाडलेल्या जुन्या तासावर अरुंद नांगर फिरला की मधोमध नवी रेघ उमटते, दोन्ही काठांना जुनी माती तशीच राहते. परत रुंद हेडने वाचायला गेलं की नवं आणि जुनं एकदम ऐकू येतं. गोंधळ. क्लासमधल्या एटीवर कॉपी केलेल्या फ्लॉप्या एक्सटीवर चालत नसत. ‘मोठं मशीन लहानाला बिघडवतं’ असं आमचं शास्त्र होतं. फार चुकीचं नव्हतं.

उपाय: चकती आधी पूर्ण कोरी करायची. सरांनी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फ्लॉपीवरून गोल गोल फिरवला. मग पेंटियमवर ३६० केबीचं फॉरमॅट आणि त्यावर कॉपी. काठांना काहीच नाही, मधली रेघ रुंद हेडलाही स्वच्छ लागली.

पेंटियम तिथे होतंच, म्हणून सरांनी त्याच्यावर त्यांचा पाढ्यांचा खेळ लावून बघितला. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतः लिहिलेला. ‘रनटाइम एरर २००’. सुरू व्हायच्या आधीच संपला. टर्बो पास्कल सुरुवातीलाच मोजून बघतं की ५५ मिलिसेकंदांत रिकामे फेरे किती होतात, आणि त्या आकड्याला ५५ने भागतं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमपासून पुढे फेरे इतके होतात की भागाकार १६ बिटांच्या खणात मावत नाही. प्रोसेसर हात वर करतो, आणि पास्कल त्याला शून्याने भागलं असं म्हणतं. ‘मी शून्याने कधी भागलं नाही,’ सर म्हणाले. गणिताचा माणूस. त्यांना ते लागलंच.

(दृश्य: हिरव्या पडद्यावर राजवाडा.)

खेळ सुरू झाला.

जॉर्डन मेक्नरने तो ॲपल टू या संगणकासाठी लिहिला, १९८९ साली. डॉसवर, म्हणजे आमच्या मशीनवरच्या प्रणालीवर, १९९०मध्ये आला. राजपुत्राची धाव, उडी, कठड्याला लोंबकळणं माणसासारखं वाटतं, कारण मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चौकट उतरवली. आमच्यापर्यंत आला तेव्हा तो हिरवा होता. राजपुत्र हिरवा, रक्त हिरवं, औषधाच्या बाटल्या हिरव्या. रंगीत मॉनिटरवर बाटलीचे बुडबुडे बघून जीव वाढवणारी कोणती आणि घटवणारी कोणती ते कळतं. आम्ही जागा पाठ केल्या होत्या.

आणि ती बाटल्यांची खोली! सुरुवातीला थोडं पुढे गेलं की एक खोली येते. माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि त्या अक्षराची बाटली प्या. चुकलात की मेलात. ते नकलांना घातलेलं कुलूप होतं. पुस्तिका आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. राजपुत्र दर वेळी मरतो म्हणजे फ्लॉपी खराब असणार, म्हणून आम्ही चार वेळा पुन्हा कॉपी केली. पाचव्या वेळी कुणीतरी कुलूप तोडलेली प्रत भुसावळहून आणली.

नात खेळायला बसली. दोन वेळा खड्ड्यात, एकदा खिळ्यांवर. मग तिने स्पेस दाबून उरलेला वेळ बघितला आणि हातातल्या घड्याळाकडे. ‘आबा, हे मिनिट मोठं आहे.’

सर हसले. ते याच वाक्याची वाट बघत बसले होते.

राजकन्येसाठी खेळात एक तास असतो. पण प्रोग्राम तो तास घड्याळावरून मोजत नाही, चौकटींवरून मोजतो. सेकंदाला १२ चौकटी, ७२० झाल्या की एक मिनिट गेलं. मशीन वेगवान असलं तरी प्रोग्राम चौकटी रोखून धरतो, म्हणून तिथे मिनिट मिनिटाएवढंच. मशीन हळू असलं की चौकट उशिरा येते, आणि खेळाचं मिनिट लांबतं. सरांनी पुढचं टर्बोचं, म्हणजे वेग वाढवायचं, बटण दाबलेलं नव्हतं. मशीन ४.७७ मेगाहर्ट्झवर चाललं होतं. राजपुत्र चिखलातून पळत होता, आणि तासही चिखलातून.

आम्हाला वाटायचं, कोपऱ्यातलं चौथं मशीन नशिबाचं. त्यावर बसलेला शेवटपर्यंत पोचायचा. त्याचं टर्बोचं बटण मोडलेलं होतं.

‘तुम्हाला माहीत होतं?’ मी विचारलं.

‘बटण दुरुस्त करायला किती लागतं रे?’ सर म्हणाले. ‘दहा मिनिटं.’

(दृश्य: नातीचा चेहरा, त्यावर हिरवा उजेड.)

तिसऱ्या पातळीवर हाडांचा सापळा उठून उभा राहतो. त्याला तलवारीने मारता येत नाही, मागे ढकलत नेऊन कड्यावरून पाडावं लागतं. ती ते स्वतःच शोधत होती, आम्ही दोघं तोंड दाबून बसलो होतो. सापळा कड्यापासून एका पावलावर आला, आणि पडदा मिटत मिटत एक हिरवा ठिपका उरला. पंखाही थांबला.

‘लाइन गयी,’ ती म्हणाली.

सरांनी आधी प्लग काढला. लाइन परत येते तेव्हा झटका देऊन येते. मग गोधडी उचलली, झटकली, आणि मशीनवर न घालता घडी करून बाजूला ठेवली.