पैलवानाचं हृदय आणि रक्तातला आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत पहाटे जोर-बैठका मारणारा पैलवान आणि गुजरीत दिवसभर गादीवर बसणारा सराफ, या दोघांचं रक्त घेऊन हृदयाचं हार्मोन मोजलं, तर आकडा कुणाचा जास्त येईल? मी हे ज्यांना ज्यांना विचारतो, ते पटकन पैलवानाचं नाव घेतात.

मुळात हृदय हार्मोन तयार करतं, हेच अनेकांना नवीन असतं. १९८१ मध्ये कॅनडात अडॉल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्यांची लघवी वाढली आणि तिच्यातून भरपूर मीठ बाहेर पडलं. ते हार्मोन म्हणजे एएनपी. दुसरं बीएनपी, १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलं. ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बनतं, हे नंतर कळलं. हृदयाची भिंत ताणली की ही हार्मोन्स सुटतात, मूत्रपिंडाकडून मीठ-पाणी बाहेर काढून घेतात, रक्तवाहिन्या सैल करतात. पंचगंगेत छातीभर पाण्यात उतरलं की थोड्या वेळानं लघवीला लागते ना? पाण्याच्या दाबानं पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, कप्पे ताणतात, एएनपी वाढतं. त्यात थंडीचाही वाटा असतोच म्हणा.

आता आपला पैलवान. कसलेल्या खेळाडूचं हृदय मोठं असतं, हे स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्येच, स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून सांगितलं होतं. तरीही विश्रांतीत खेळाडूचं बीएनपी बहुधा सामान्य मर्यादेतच मिळतं. कप्पा मोठा होताना भिंतही जाड होते, त्यामुळे ताण आटोक्यात राहतो. आजारी, फुगलेल्या हृदयात हे जमत नाही, म्हणून आकडा चढतो. मॅरेथॉनसारख्या दीर्घ श्रमानंतर मात्र निरोगी माणसाचाही आकडा चढतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत उतरतो.

आणि सराफ? तो वजनानं भारी असेल, तर त्याचा आकडा पैलवानापेक्षाही कमी येऊ शकतो! स्थूल माणसांत हे हार्मोन कमीच आढळतं. म्हणून कमी आकड्याचा रिपोर्ट फ्रेम करून दुकानात लावण्यात अर्थ नाही. उलट वय वाढलं, मूत्रपिंड दुबळं झालं, की हृदय बरं असूनही आकडा वर जातो.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पण पाऊस राधानगरीत पडला की गगनबावड्यात, ते पाणी मोजायची ती पट्टी सांगत नाही. या तपासणीचंही तसंच. दम लागून दवाखान्यात आलेल्या माणसाचं बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाची पंपाची ताकद कमी पडल्याची शक्यता बरीच कमी होते. जास्त असेल, तर झडप, रक्तदाब की मूत्रपिंड, हे पुढे शोधावं लागतं.

पैलवान आणि सराफाची तुलना करायचीच, तर दोघांनाही आधी सारखाच वेळ शांत झोपवून ठेवायला हवं, कारण आडवं होताच एएनपी बदलतं. शिवाय ते रक्तात काही मिनिटांतच अर्धं होतं, म्हणून नमुना लगेच बर्फात ठेवावा लागतो. एनटी-प्रोबीएनपी हा बीएनपी बनताना सोबतच सुटणारा तुकडा जास्त टिकतो. लॅबवाल्यांना तो सोयीचा.

तेव्हा पैलवान मंडळी, तालमीतून घामाघूम होऊन थेट लॅबमध्ये जाऊ नका, दोन-तीन दिवस मेहनत थांबवून मग रक्त द्या. मात्र लढत करताना छातीत दुखलं, शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर या आकड्यावर विसंबू नका. तिथे ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच हवी, आणि तीही पुढच्या मैदानाआधी.