लवकर पोचलात तरी दंड

(इंदूरच्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नमस्कार. बाहेरची 'एन्ड्युरो' ही पाटी वाचून दारातच एका काकांनी मला विचारलं, "ताई, म्हणजे सायलेन्सर काढून रात्री राजवाड्यावरून गाड्या पळवतात, तेच ना?" काका, विचारलंत ते फार बरं केलंत. कारण मला जे सांगायचं आहे ते तुमच्या प्रश्नातच आहे. ते हे नव्हे. एन्ड्युरो हा मोटरसायकलचा खेळ खरा, पण गाडी दामटण्याचा नाही, वेळेवर पोचण्याचा आहे.

डोंगर, ओढे, चिखल, दगड यांतून वाट आखलेली असते. अमक्या टप्प्यावर अमक्या मिनिटाला हजर व्हायचं. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तरी दंड! मधले काही पट्टे शुद्ध वेगाचे असतात, तिथे सेकंद मोजतात. बाकी दिवसभर घड्याळाशी संसार. 1913 मध्ये इंग्लंडात कार्लाइलला या प्रकारातली सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली. तिच्या नावात तेव्हा 'ट्रायल' होतं, म्हणजे कसोटी. तिच्या नावात 'एन्ड्युरो' आलं ते 1981 पासून. रात्री गाड्या कुंपणात बंद. टायर बदलायचा, साखळी ताणायची, तर ज्यानं गाडी चालवली त्यानंच, ठरवून दिलेल्या वेळेत. मेकॅनिकनं पाना लावायचा नाही. होळकरांच्या गावात मी हे असं सांगते: सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा राखणारा तो शिलेदार. एन्ड्युरोवाला शिलेदार असतो.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. गेल्या वर्षी नोकरीसाठी तो बडोद्याहून इंदूरला आला आणि पहिल्या पगारात भलीमोठी ॲडव्हेंचर गाडी बुक केली. दुकानातल्या माणसानं त्याला सांगितलं होतं, जितकी जड तितकी दणकट, ही कुठेही जाईल. या वाक्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. नव्या पोरांना हे असंच सांगितलं जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात पोरं हात-पाय मोडून घेतात.

जुलैत आम्ही जानापावच्या बाजूला निघालो. रात्री पाऊस होऊन गेलेला. डांबर सोडून दोन सोयाबीनच्या शेतांमधल्या गाडवाटेला लागलो आणि दोनशे मीटरांत त्याची गाडी उभी राहिली. उतरून पाहतो तर पुढचं चाक फिरतच नाही! "आत्या, ब्रेक जाम झाला." ब्रेक नव्हता जाम झाला. आपली माळव्याची काळी माती! बसाल्टचा खडक झिजून झालेली, पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती ठासून भरली होती. मी थांब म्हणेपर्यंत त्यानं ॲक्सिलरेटर पिळला. मागचं चाक फिरलं आणि धुऱ्यापर्यंत रुतलं. मग तो वास आला. क्लच जळल्याचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही.

बाजूच्या शेतातले एक आजोबा खुरपं घेऊन आले. काही बोलले नाहीत, उकिडवे बसले आणि आरे साफ करायला लागले. मी दहा नंबरच्या पान्यानं पुढच्या मडगार्डचे चार बोल्ट काढले. मडगार्ड हातात आलं आणि चाक सुटलं. गाडी आडवी करून, चाकाखाली दगड आणि काट्याकुट्या भरून बाहेर काढायला दोन तास लागले. दोनशे मीटरांना दोन तास!

एन्ड्युरोच्या गाडीचं पुढचं मडगार्ड वर, हेडलाइटच्या खाली असतं ना, त्याला लोक फॅशन समजतात. ते या मातीसाठी आहे. आणि जडपणाचं म्हणाल, तर खरी एन्ड्युरोची गाडी साधारण 105 ते 110 किलोची असते. भाच्याची दोनशेच्या आसपास. चिखलात हा शंभर किलोचा फरक कोण उचलणार? मराठ्यांचं घोडदळ भीमथडी तट्टांवर घाट चढत होतं. लहान चणीचं, काटक जनावर. आपल्या लोकांना हे तीनशे वर्षांपूर्वी कळत होतं!

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. पाच गैरसमज सांगेन असं कबूल केलं होतं, तर उरलेले भराभर घेते.

उभं राहून चालवणं म्हणजे मिरवणं, हा एक. आणि ज्यांना ते मिरवणं वाटत नाही तेसुद्धा सांगतात की उभं राहिल्यानं गुरुत्वमध्य खाली जातो. कसा जाईल? माणूस वर उठला की तो वरच जाणार. फायदा वेगळा आहे. गुडघे स्प्रिंगचं काम करतात, गाडी खाली मोकळी नाचते आणि तुम्ही स्थिर राहता, नजरही लांब पोचते. हँडल घट्ट आवळू नका, कोपराच्या खालचे स्नायू दगड होतात आणि मग ब्रेकवरचं बोटही हलत नाही.

पुढचा ब्रेक धरला की पडणार, हा दुसरा. उतारावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, खरी थांबवण्याची ताकद तिथेच असते. एका बोटानं, हळूहळू दाबत जायचं. चाक वळलेलं असताना मात्र नाही.

तिसरा, हे ताकदवान तरुण पोरांचं काम. ऑस्ट्रियात एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत पाचशे जण सुटतात आणि चार तासांत शेवटापर्यंत पोचणारे मोजकेच. 2019 मध्ये ती शर्यत ग्रॅहम जार्विसनं जिंकली, तेव्हा तो 44 वर्षांचा होता. इतर जण दगडांवर आदळत असताना हा माणूस शांतपणे तोल सावरत वर सरकतो. आणि माझ्या मैत्रिणींनो, वाळवंटातल्या बाहा शर्यतींचा महिलांचा विश्वचषक आपल्या ऐश्वर्या पिस्सेनं जिंकला, तोही 2019 मध्येच. चढावर गाडी पडली तर जोर करू नका. जमिनीवरच ओढून तिला अशी फिरवा की चाकं उताराच्या खालच्या बाजूला येतील आणि हँडल वर. गिअरमध्ये ठेवा, मग उचला. निम्मं काम उतारच करतो. मी पन्नाशीत उचलते.

टायरमधल्या हवेचं राहिलं. रस्त्यावरची हवा ठेवून चिखलात शिरायचं नाही. ट्यूब असेल तर पंधरा-अठरा पीएसआयच्या आसपास आणा, टायर पसरतो आणि पकड घेतो. त्याहून कमी केलीत तर दगडावर ट्यूब चेपून फाटते. डांबरावर परतताना पुन्हा भरायची. पायपंप पिशवीत असू द्या.

आणि काका, शेताचं तुम्ही विचारणार होतात, हात वर केलेला दिसला मला. पेरलेल्या रानात चाक घालणारा माझ्याबरोबर पुन्हा येत नाही. गाडवाट असेल तिथून, बांधावर माणूस दिसला तर उतरून, विचारून. त्या खुरपंवाल्या आजोबांकडे भाचा आता दर महिन्याला जातो. मागच्या वेळी त्यांच्या मोटरपंपाचा पट्टा त्यानं बदलून दिला. गाडी मात्र त्यानं विकली आणि हलकी घेतली. आज बाहेर उभी आहे, चहाच्या वेळी पाहा. पुढचं मडगार्ड वर आहे.