नाणे उलटून पाहा : डच कंपनीच्या डुइटची ओळख आणि किंमत

श्रोतेहो, जुने डच नाणे घेऊन येणारा माणूस बहुधा पहिलाच प्रश्न विचारतो, ‘याचे किती येतील?’ उत्तर देण्याआधी मी नाणे उलटून घेतो, कारण ज्या बाजूमुळे त्याला ते मौल्यवान वाटलेले असते, ती बाजू किमतीविषयी फारसे काही सांगत नाही. मोठ्या ‘व्ही’च्या एका पायावर ‘ओ’ आणि दुसऱ्यावर ‘सी’ अशी ती मुद्रा १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची आहे, आणि ती असंख्य नाण्यांवर उमटलेली आहे.

या तांब्याच्या नाण्याला डुइट म्हणत. नेदरलंड्समध्ये आठ डुइटांचा एक स्टायव्हर, म्हणजे त्यावरचे मोठे नाणे, होई, तर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, चारच डुइटांना तो मिळे. साहजिकच जहाजावरचे लोक डुइट भरून नेत आणि तिकडे पोहोचताच पैसे दुप्पट करीत. हा नफा आपल्याच हाती राहावा म्हणून कंपनीने १७२६पासून स्वतःच्या मुद्रेचे वेगळे डुइट पाडून घेतले. ते प्रांतांच्या टांकसाळींत पडत, आणि म्हणूनच मागच्या बाजूवर त्या त्या प्रांताची ढाल आली.

ओळखीची खरी किल्ली ही ढाल आहे. मुकुटाखालच्या ढालीत एकच उभा सिंह असेल तर नाणे हॉलंडचे. लाटांमधून अर्धा वर आलेला सिंह झीलंडचा. एकाखाली एक चालणारे दोन सिंह वेस्ट फ्रिसलंडचे. एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन सिंह गेल्डरलंडचे. आणि ढालीलाच दोन्ही बाजूंनी सिंहांनी धरले असेल तर ते उत्रेख्तचे. हॉलंड आणि झीलंड विपुल सापडतात, गेल्डरलंड त्या मानाने कमी, त्यामुळे सारख्याच स्थितीतल्या दोन नाण्यांच्या भावात फरक पडतो. सालाबद्दलही सावध राहावे लागते : १७९० साल असलेले उत्रेख्तचे डुइट कंपनी बुडाल्यानंतर, १८४०च्या आसपास, पुन्हा पाडले गेले. नाण्यावरचे साल हे ते पाडल्याचेच साल असते, असे गृहीत धरता येत नाही.

यानंतर स्थिती. इथे मला मनापासून विनंती करायची आहे. आपल्याकडे तांबे काळे पडले की चिंच लावून घासण्याची सवय आहे. देवघरातल्या पंचपात्रीसाठी ती योग्यच, पण डुइटवर तोच प्रयोग झाला की अडीचशे वर्षांत चढलेली तपकिरी झिलई पाच मिनिटांत जाते आणि खाली गुलाबी, ओरखड्यांनी भरलेले तांबे उरते. मी नुकताच एक झीलंडचा डुइट पाहिला : लाटांच्या रेषा शाबूत, सिंहाची आयाळ मोजता येईल इतकी स्पष्ट, आणि सगळे नाणे नव्या वायरीसारखे चकचकीत. घासला नसता तर तो संग्राहकाने आनंदाने घेतला असता. मातीच लागली असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपावे, एवढे पुरे.

नकली नाणे बहुधा त्याच्या काठावरून ओळखू येते. अस्सल नाणे ठशाच्या ठोक्याने पाडलेले असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेत त्या गुळगुळीत होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि काठावर दोन भाग जुळल्याची रेघ राहते. घोडेस्वाराचे चित्र असलेल्या ड्युकाटोन या कंपनीच्या काळातल्या मोठ्या चांदीच्या नाण्यासाठी तर आधी तराजू काढावा : अस्सल नाणे साधारण साडेबत्तीस ग्रॅमचे असते, आणि पाच ग्रॅम कमी भरले तर पुढे काही पाहण्याची गरजच नाही. भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम धरू नये. लिलावात प्रत्यक्ष सौदा कितीला झाला, तेच पाहावे.

कोकणातून येणाऱ्या नाण्यांबरोबर एक कथा हमखास येते, ती म्हणजे ‘हे वेंगुर्ल्याच्या डच वखारीतले.’ वखार खरी आहे. १६३७ साली डचांनी तिथे बस्तान बसवले आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर तिथून नजर ठेवली. पण सतरावे शतक संपण्याआधीच ते वेंगुर्ल्यातून गेले होते, आणि कंपनीच्या मुद्रेचा डुइट १७२६चा. म्हणून असे नाणे कोकणात कोणत्या वाटेने आले, कोच्चीहून आले की कुणी खलाशी घेऊन आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून पाकिटावर लिहून ठेवा.