सहा सिलिंडर, एका ओळीत

(दृश्य: पहाट. रिकामा, वळणांचा रस्ता. दोन गाड्या शेजारी उभ्या.)

चार दारं, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर. डावीकडे ई-४६ पिढीतली बीएमडब्ल्यू ३३०आय, उजवीकडे टोयोटाच्याच लेक्सस या ब्रँडची आयएस ३००. दोघींनीही विशी गाठली आहे.

आधी नुसतं ऐका.

(दोन्ही इंजिनं सुरू होतात. थोडी शांतता.)

थरथर जवळपास नाहीच. या रचनेत पिस्टनच्या हालचालीचे धक्के एकमेकांना खोडून काढतात, थरथर मारणारा वेगळा फिरता दांडा, म्हणजे बॅलन्स शाफ्ट, लागत नाही. जुनी सरळ-सहा गाडी शोधत लोक का फिरतात, ते या आवाजातच कळतं.

दोन्ही इंजिनं ३ लिटरची. बीएमडब्ल्यूची २३१ अश्वशक्ती, लेक्ससची साधारण २१५. टॉर्क दोघींचा ३०० न्यूटन मीटरच्या आसपास. मॅन्युअल गिअरची ३३०आय साडेसहा सेकंदांत शंभरचा वेग गाठते, लेक्ससला सातहून जास्त लागतात. सरळ रस्त्यावरचा निकाल एवढाच.

(दृश्य: पहिलं वळण. कॅमेरा पुढच्या चाकाजवळ.)

खरी गोष्ट वळणावर सुरू होते. कागदावर लेक्सस वरचढ: चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांनी धरलेलं. बीएमडब्ल्यूला पुढे साधे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे खाली हात आणि वर शॉक अॅबसॉर्बरचा उभा खांब. लेक्ससचे मुख्य अभियंता नोबुआकी कातायामा पूर्वी टोयोटाच्या एई-८६ या स्पोर्ट्स कारवर काम केलेले, आणि गाडीच्या चपळाईत ते जाणवतं. पण तिचा इंजिन ब्लॉक ओतीव लोखंडाचा. टोयोटा सुप्रामुळे नावाजलेल्या, दणकट कुळातला खरा, तरी ते वजन नाकावरच येतं. बीएमडब्ल्यूचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं. स्टिअरिंग दोन्हींचं हायड्रॉलिक, पण टायरची पकड सुटायला लागली की बीएमडब्ल्यूमध्ये ते तळहाताला आधी कळतं. दोन्ही गाड्या नव्या असत्या, तर मी डोळे झाकून ३३०आय घेतली असती.

पण त्या नव्या नाहीत.

(दृश्य: लिफ्टवर चढवलेली गाडी. टॉर्चचा उजेड एका बुशवर.)

हे बघा. चाक धरणाऱ्या खालच्या हाताचा, म्हणजे लोअर आर्मचा बुश; सांध्यातली रबरी गादी. रबर तडकलंय. वीस वर्षांत उष्णता, तेल आणि खड्डे मिळून रबराचं हेच करतात. मग ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं, स्टिअरिंग थरथरतं, आणि ज्या हाताळणीसाठी गाडी घ्यायची तीच हरवते. ई-४६ मध्ये आणखी दोन जागा तपासाच: मागची सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांचे हात धरणारा सांगाडा, जिथे बॉडीला जोडलेली असते तिथला पत्रा, कारण तो चिरतो, आणि कूलिंगचे प्लास्टिकचे भाग, जे वयानुसार ठिसूळ होतात. लेक्ससमध्ये पुढचे लोअर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाचे खालचे गोल सांधे, आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची नोंद बघा. पेट्रोल ती भरपूर पिते, हेही मनाशी धरा.

म्हणून माझं मत गाडी बघून बदलतं. बुश, डॅम्पर (शॉक अॅबसॉर्बर) आणि कूलिंग नवं केलेली ३३०आय मिळाली, तर तीच. त्या कामांची बिलं नसतील, तर नीट सांभाळलेली लेक्सस.

(दृश्य: गाडीच्या आतून. काचा बंद, रेडिओ बंद.)

चालवून बघताना आधी खडबडीत रस्त्यावर सावकाश न्या आणि खालून ठक्क आवाज येतो का ऐका. मग मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढवा, स्टिअरिंग हलक्या हाताने धरा आणि हळूच ब्रेक दाबा.

(दृश्य: स्टिअरिंगवरचे हात, स्थिर.)