बातमीच्या जागेचा भाव

मित्रहो, राजकारणाची बातमी धडधडीत खोटी छापली तर ती पकडता येते. दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, वकिलाची नोटीस येते, कोणीतरी जुनं भाषण शोधून काढतं. मला आज बोलायचंय ते वेगळ्या बातमीबद्दल. तिच्यातलं एकेक वाक्य खरंही असेल, पण ती छापली आहे ती जागा विकलेली असते आणि वाचकाला ते सांगितलेलं नसतं. हिलाच 'पेड न्यूज' म्हणतात.

ऑक्टोबर २००९. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक. त्या दिवसांत 'पॅकेज' हा शब्द तालुक्यातालुक्यांत उघड बोलला जात होता. उमेदवाराचा परिचय, मुलाखत, पदयात्रेची बातमी, सभेचा फोटो, सगळ्याचा मिळून एक भाव. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा 'द हिंदू'त लिहिलं की विधानसभेच्या उमेदवारासाठी साध्यातलं साधं पॅकेज चार लाखांच्या आसपास होतं. कायद्याने एका उमेदवाराला एकूण खर्चाची मुभा होती दहा लाखांची. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

मग नोव्हेंबरमध्ये त्यांनी भोकरचा हिशेब मांडला. भोकर म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचा मतदारसंघ. निवडणूक खर्चाच्या विवरणात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपोटी ५,३७९ रुपये आणि केबलवरच्या जाहिरातींपोटी ६,००० रुपये दाखवले होते. साईनाथांनी गोळा केलेली कात्रणं होती ४७ पूर्ण पानांची, त्यातली बरीच रंगीत. तरुण, तडफदार नेतृत्व अशा आशयाच्या मथळ्याचा एक लेख तीन मोठ्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखा आला होता. आता बातमीदार म्हणून मी सांगतो, एकाच पत्रकार परिषदेला बसलेल्या तिघांच्या बातम्यांत पहिलं वाक्यसुद्धा सारखं येत नाही. बातमी कॉपी डेस्कवर, म्हणजे मजकूर तपासणाऱ्यांकडे गेली की तिथे आणखी बदलते. स्वल्पविरामासकट मजकूर जुळतो तेव्हा तो एकाच ठिकाणाहून आलेला असतो.

पैसे दिल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला, वृत्तपत्रांनीही नाकारला. चव्हाणांविरुद्ध लढलेले माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. खर्चाचं विवरण खरं आहे की नाही हे आयोगाला तपासता येतं, एवढं सर्वोच्च न्यायालयाकडून ठरायला मे २०१४ उजाडला. पुढे आयोगाने चव्हाणांना नोटीस दिली, ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. निकाल तो निकाल, आणि तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण सांगणं म्हणजे आपणही अर्धवट बातमी देणं. पण पाच वर्षं गेली, आणि ती पानं कोणाच्या खर्चाने निघाली याचं सरळ उत्तर वाचकाला मिळालं नाही, हेही तितकंच खरं.

प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती पेड न्यूजच्या चौकशीसाठी नेमली होती. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांच्या नावांसकट. त्यातली एक नोंद मी विसरू शकत नाही. एकाच वर्तमानपत्राच्या एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांचं कौतुक, आणि दोघंही निवडून येणार असं भाकीत! कौन्सिलने जुलै २०१० मध्ये प्रसिद्ध केला तो थोडक्यातला अहवाल, नावं गाळून. मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, २०११ साली. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनेच वाचकापासून माहिती दडवली. मला याचा आजही संताप येतो.

पण छापलेलं निदान कात्रणात राहतं. पॅकेज न घेतलेल्या उमेदवाराचं काय? त्याची सभा झाली, गर्दी झाली, पाणीप्रश्नावर तो नेमकं बोलला, आणि दुसऱ्या दिवशी पानात एक ओळ नाही. याची तक्रार कोण करणार? वाचकाला वाटतं, हा माणूस मैदानात नाहीच. मत द्यायच्या आधीच त्याच्यासमोरची यादी कोणीतरी छाटलेली असते. मला हे सर्वांत घातक वाटतं. टीव्हीवर याचा पुरावा आणखी पुसट, कारण चर्चेला कोणाला बोलावलं नाही याची नोंद कुठेच राहत नाही.

हे होतं कसं, ते तालुक्याच्या गावी जाऊन बघा. तिथल्या वार्ताहराला मानधन म्हणून जे मिळतं त्यात पेट्रोलही भागत नाही. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. आमदारांचा वाढदिवस आला की पुरवणी, दिवाळी आली की पुरवणी, प्रत्येकीला टार्गेट. ज्याच्याकडे जूनमध्ये जाहिरात मागायची, त्याच्याच रस्त्याच्या कामातला घोटाळा जुलैमध्ये लिहायचा कसा? त्याला फोन करून धमकावायची गरजच पडत नाही. या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण तरीही लिहितात, आणि मार खातात.

शिक्षा झाल्याचं एक उदाहरण आहे. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत छापून आणलेल्या बातम्यांचा २१,२५० रुपये खर्च दाखवला नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. आणि छापणाऱ्या वृत्तपत्रांना? प्रेस कौन्सिलचा ठपका. कायद्याने कौन्सिलला ताकीद देता येते, नापसंती नोंदवता येते, दंड करता येत नाही. टीव्ही तर तिच्या कक्षेतच नाही. पेड न्यूज हा निवडणुकीतला गुन्हा ठरवा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ मध्येच केलेली आहे. ती कायद्यात आली पाहिजे. पण त्याच्याही आधी, जो माणूस बातमी लिहितो त्याच्या हातात जाहिरातीचं पावतीपुस्तक देणं बंद झालं पाहिजे, आणि त्याला बातमीचा पगार मिळाला पाहिजे. याला कुठलाही नवा कायदा लागत नाही, मालकांनी ठरवलं तर पुढच्या महिन्यापासून होईल.